सोलर चालू झालाय, पॅनल उतरवायचे नाहीत

बाबा,

सोलर चालू झालाय. पॅनल उतरवायला उद्या येणाऱ्या माणसाला मी फोन करून 'येऊ नका' सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही. राग आला तर माझ्यावर काढा, आईंवर नको.

पॅनल बिघडलेच नव्हते. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर चढला होता, म्हणून ती चार्जच होत नव्हती. आधी पॅनलचा स्विच बंद केला, मग इन्व्हर्टर. हातमोजे घालून तारा सोडवल्या, सोड्याच्या गरम पाण्याने टोकं घासून कोरडी केली, तारा घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावलं. हिरवा दिवा लागला. दुपारी वीज गेली तरी आईंचं दम्याचं मशीन थांबलं नाही.

हे मला ओमकार भावजींनी फोनवर सांगितलं. सोलर त्यांनी बसवला, मग दुसऱ्या कोणाला विचारू? त्यांच्या लग्नापासून त्यांच्याशी बोलायचं नाही, हे तुमचं ठरलंय, माझं नाही. फोन ठेवताना ते म्हणाले, "वयनी, मी सांगलंय म्हणान बाबांका सांग नको. ते परत बंद करून टाकतले."

मी म्हटलं, "सांगतलंय. आणि तुमी घराक येवा."

ते बायकोला घेऊन आरोंद्याहून निघालेत. मी त्यांना आणायला मालवणच्या स्टँडवर गेलेय. भात झालाय, कालवण आईंनी स्वतः केलंय. आम्ही येऊ तेव्हा किनाऱ्यावर निघून जाऊ नका. बोलला नाहीत तरी चालेल, फक्त दारात उभे राहा.

अनुजा