उद्या तुझा टाक बसवायचाय

प्रिय दादा,

उद्या तुझा टाक, तुझ्या नावाचा चांदीचा पत्रा, नव्या देव्हाऱ्यात बसवायचाय. किन्हवलीच्या सोनाराकडून कालच आणलाय. बसवायचा मीच, कारण आईचा हात अजून वर जात नाही. तो तूच मोडलास. एकदा का तू देवांत जाऊन बसलास की तुझ्याशी भांडता येणार नाही, म्हणून आजच लिहितेय.

कसाऱ्याच्या घाटात तू ब्रेकर मशीनवर लागलास, दिवसभर कातळ फोडून यायचास. जेवताना हात थरथरायचा. एकदा घास तसाच ठेवून तू विचारलंस, "ह्यो हात कोनाचा गो, भागे?" मी हसले. मला काय ठाऊक, तू खरंच विचारत होतास?

मग आईला तू 'बाई' म्हणायला लागलास, वाटेतल्या कोणालाही म्हणावं तसं. आपला मोती शेपूट हलवत आला, त्याला लाथांनी ठार केलंस. मी मध्ये पडले तर मला कुडाच्या भिंतीवर आपटलंस. तुझ्या डोळ्यांत राग तरी हवा होता रे! काहीच नव्हतं. तू हात धुतलेस आणि जेवायला बसलास.

आणि मग तो दिवस. "यातला माजा कोनी नाय," म्हणत कुऱ्हाडीनं देव्हारा फोडलास. आई आडवी आली. तिचं हाड मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला. तू तिच्याकडे पाहिलंस, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. तो ओंडक्यावर ठेवलास आणि डाव्या हातानं कुऱ्हाड घातलीस. मी धावले, पण पोचले नाही. जीप शहापूरला जाईपर्यंत तू गेला होतास.

भगत म्हणतो, ते करणारा तू नव्हतासच, तुझ्या अंगात दुसरंच कोणी होतं. टाक बसवताना तसंच बोलायचं, म्हणजे तू शांत होशील. आईलाही पटलंय. सगळे मायेनंच सांगतात. पण दादा, तू तरी दुसरं काय म्हणत होतास? हा हात माझा नाही, यातलं माझं कोणी नाही, हेच ना? आता आम्हीच ते खरं करायचं?

मला नाही जमणार. उद्या टाक हातात घेऊन सगळ्यांदेखत म्हणेन, "देव फोडनारा ह्योच. आयचा हात मोडनारा ह्योच. माजा दादा ह्योच." भगत उठून गेला तर जाऊ दे. माझा राग गेलेला नाही, बहुधा जाणारही नाही. पण तुला परका म्हणणार नाही, आणि कोणाला म्हणू देणार नाही.

तुझीच बहीण,
भागी