गुजरीला गेला

२ जून १९२४

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे! चार दिवस माझ्या आरामखुर्चीवर कॉलेजांची माहितीपत्रकं बसली आहेत, आणि मी, या घराचा कर्ता पुरुष, पाटावर. मुंबईचं पत्रक सर्वांत जाड. प्रत्येक प्रिन्सिपॉलची खात्री — सरस्वती आपल्याच आवारात बिऱ्हाड करून राहते.

निरू मॅट्रिक झाली. डॉक्टर व्हायचंय म्हणते. त्यासाठी आत्तापासून मुंबईचं कॉलेज हवं. मी म्हणतो, बडोद्याचं काय वाईट आहे? घुमट आहे, सायन्स आहे, आणि जेवायला घरी येता येतं.

३ जून

अर्ज वीस तारखेच्या आत जायला हवा. सही माझी लागते.

थोरली बहीण, गंगाअक्का, माझ्या बाजूची. बायको गेल्यापासून घर तीच बघते. मुंबईचं नाव ती घेत नाही. ‘तिकडे’ म्हणते. ‘‘एक तिकडे घातला तेवढा पुरे, गणू.’’

५ जून

निरूशी वाद. जीभ माझीच घेतली आहे पोरीने, दुसरं काही घेतलं नाही.

‘‘अण्णा, मेडिकलला दोन वर्षांनी तिकडेच जायचंय. तेव्हा भ्यायचं ते आत्ताच भिऊन घ्या ना!’’

मी म्हटलं, वसतिगृहात माणूस मेला तरी कोणी विचारत नाही.

‘‘तुम्ही कोणाला विचारलंत? दादाच्या खोलीतले हिंमतभाई करजणला आहेत. पाच वर्षांत एक कार्ड तरी टाकलंत त्यांना?’’

नाही टाकलं.

६ जून

लिहूनच टाकतो. तोंडाने होत नाही.

सन अठराचा आश्विन. माझा मुलगा हेरंब मुंबईला कॉलेजात. तापाची साथ. त्याच्या खोलीत राहणारा हिंमतलाल आपलं करजण स्टेशन मागे टाकून बडोद्याला उतरला. मी कचेरीत होतो. दारात अक्का. तिला कोल्हापुराहून येऊन दोन महिने झालेले, गुजराती ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणाला, ‘‘काकी, हेरंबभाई गुजरी गया.’’

कोल्हापुरात सोनारांच्या पेठेला गुजरी म्हणतात. अक्काने हसून त्याला लाडू दिला आणि वाटेला लावलं!

मी घरी आलो तर — ‘‘गणू, हेरंब गुजरीला गेलाय म्हणे. तिकडेही गुजरी आहे वाटतं! निरूला डूल आणील बघ.’’

मला तत्क्षणी कळलं. गुजरातीत ‘गुजरी गया’ म्हणजे वारला. वीस वर्षं बडोद्यात काढली होती.

मी म्हटलं, ‘‘आणील.’’ हात धुतले आणि पानावर बसलो. समोर निरू, अकरा वर्षांची. जेवलो. सकाळी तार आली, तिने माझी लाज राखली. मला आधीच कळलं होतं हे कोणालाही माहीत नाही.

अक्का त्यानंतर कोल्हापूरला गेली नाही. आणि मला, कचेरीत कोणी मागून चालत गेलं तरी, माझाच आवाज ऐकू येतो. आणील.

७ जून

आज काही नाही. माहितीपत्रकांवरची धूळ झटकली. हेरंबच्या वेळीही मीच झटकली होती.

८ जून, रविवार

करजणला जाऊन आलो. मनात पाप होतं — मुंबईविरुद्ध पुरावा आणायचा!

हिंमतलाल कापसाच्या व्यापारात आहे. पोट सुटलंय. मला बघून उभाच राहिला. हेरंबच्या उशाशी सहा दिवस बसला होता, सारं सांगितलं. मी म्हटलं, ते शहरच वाईट. तर म्हणतो, ‘‘काका, त्याच महिन्यात इथे माझी बा गेली, धाकटा भाऊ गेला. करजण काय मुंबई आहे?’’

पुरावा संपला.

मग मी अक्काच्या वतीने माफी मागितली. तिला भाषा येत नव्हती म्हटलं.

‘‘ते कळलं होतं मला. मी पुन्हा सांगणारच होतो. पण काकींच्या मागे पेली नानी बेन, तुमची छोकरी, उभी. एणे होठ पर आंगळी मूकी.’’

ओठांवर बोट!

‘‘म्हणून लाडू घेतला न् निघालो.’’

परतीच्या गाडीत शेजारच्याने तीनदा विचारलं, काका, तबियत ठीक आहे ना?

९ जून

अर्ज भरला. मुंबई. सही केली.

निरूचं एका वाक्याचं देणं होतं, तेही दिलं. ‘‘त्या संध्याकाळी मला कळलं होतं.’’

ती सहीवर टीपकागद दाबत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘ठाऊक आहे, अण्णा. आमटीत मीठ नव्हतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत.’’