बसलं की धरतं

अण्णा, तुमची नात आत्ता बाहेर चालून राह्यली. अजून उजाडलं न्हाई, गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठलं न्हाई, आणि ही बया दारापासून नळापर्यंत, नळापासून दारापर्यंत. एक हात भिंतीला. नुसता चपलेचा आवाज ऐकून मला कळतं की कंबर अजून सुटलेली न्हाई. तुम्ही गेलात तेव्हा ती माझ्या पोटात होती, तिनं तुम्हाला कधी बघितलं न्हाई. मंग भिंत धरून चालायची ही रीत तिला कुणी शिकवली? मी ओट्यापाशी पाटावर बसून हे लिहून राह्यले, आणि चहा उकळून उकळून काळा झालाय.

पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. वेड घेतलंय नुसतं. मैदानावर आठशे मीटर पोरांच्या बरोबरीनं पळायची, आणि गेल्या हिवाळ्यापासून तिला सकाळी अंथरुणातून उठता येईना. आधी मी तोंडच सोडलं, म्हणलं मोबाईल बघ अजून, पाठ धरणारच. मंग इथल्या एका डॉक्टरनं मणक्यातली गादी सरकली म्हणून कमरेला पट्टा दिला आणि आराम सांगितला. आराम म्हणल्यावर मी कुणाचं ऐकते व्हय! लाकडी पलंगावर झोपवून ठेवली, उठली की ओरडायचे. "आई, झोपून जास्तच दुखतंय गं," म्हणायची. मी म्हणायचे, "गप पड. पाठ गेली तर भरती बी जाईल आणि तू बी जाशील." डोळ्यासमोर तुमची पाठ होती ना. पाठीचं काही निघालं की माझा जीवच उडतो.

कारण आपल्या घरात तुमच्या पाठीची एकच गोष्ट होती. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहून वाहून अण्णा वाकले, पोरांच्या शिक्षणासाठी वाकले. मी तुमचा डबा घेऊन यायचे, तेव्हा तुम्ही सोयाबीनच्या थप्पीआडून येताना दिसायचे, मान पुढं, नजर जमिनीवर. कुणी मागून हाक मारली तर मान वळत न्हाई, सगळं अंग वळायचं. एकदा मी गंमत म्हणून अर्ध्या पोत्याला हात घातला, तर केवढ्यानं ओरडले तुम्ही! "हात लावशील तर याद राख! माझी गेली तेवढी बास झाली." सगळे हमाल बघायला लागले आणि मी रडत घरी गेल्ते. त्या ओरडण्यावर मी अख्खं आयुष्य काढलं, अण्णा. ओझ्याचं काम करायचं न्हाई म्हणून शिकले, बियाण्याच्या कंपनीत बी निवडायच्या टेबलाला उभी राह्यले. तुम्ही गेलात तेव्हा तिरडीवर तुमचं डोकं टेकेना. शेवटी कुणीतरी उशाला धोतराची घडी ठेवली. मामा रडत म्हणला, "पोत्यांनी गड्याला मेल्यावर बी सरळ होऊ दिलं न्हाई."

गेल्या महिन्यात संभाजीनगरला सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडं गेल्तो. बाईंनी पोरीला विचारलं, दुखणं आरामानं कमी होतं की हालचालीनं? मीच मधी बोलले की आरामच करते ती. बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही थांबा. तिला सांगू द्या." आणि पोरगी म्हणाली, "बसले की धरतं मॅडम, चालले की सुटतं."

अण्णा! हे तुमचं बोलणं! पहाटे अंधारात गल्लीत फिरायचे तेव्हा आई चिडायची, दिवसभर मरमर करता, निदान सकाळी तरी निवांत बसा की. तुम्ही म्हणायचे, "बसलो की धरतं, चाललो की सुटतं." आम्ही हसायचो, म्हणायचो अण्णांच्या पायाला भिंगरी आहे.

बाईंनी विचारलं, घरात कुणाची पाठ अशी? मी ताठ होऊन सांगितलं, माझ्या वडिलांची, पण ती पोत्यांनी. मान वळायची का? न्हाई. डोळे लाल व्हायचे का मधून मधून, दुखायचे का? व्हायचे, आई गुलाबपाणी घालायची. बाई हळूच म्हणाल्या, "ताई, पोत्यांनी डोळे लाल होत नाहीत." म्हणाल्या, हा संधिवातच आहे, मणक्याचा. आपलंच रक्त आपल्या सांध्यांवर उठतं आणि मणके हळूहळू एकमेकांना चिकटतात. घराण्यातून येऊ शकतो.

मला असा राग आला त्या बाईचा! चाळीस वर्षं माझ्या बापानं पोती वाहिली आणि ही खुर्चीत बसून सांगते की पोत्यांनी न्हाई? आमच्यासाठी वाकले म्हणून तर आम्ही ताठ मानेनं जगलो. ते बी तुम्ही काढून घेता व्हय, असं तोंडावर आल्तं. पण पोरगी माझ्याकडं बघून राह्यली होती, मंग गिळलं.

एमआरआयचा कागद हातात येईस्तोवर मी पाण्याचा घोट घेतला न्हाई. कमरेच्या खाली दोन्ही बाजूंच्या सांध्यांना सूज आहे, पण मणके अजून मोकळे आहेत. लवकर सापडलं, बाई म्हणाल्या. गोळ्या, रोजचा व्यायाम, त्यानं न्हाई उतरलं तर सुया. पट्टा फेकून द्या, पडून राहायचं बिलकुल न्हाई. पोरीनं एकच विचारलं, "भरतीचं ग्राउंड देता येईल?" बाई म्हणाल्या, "आधी सूज उतरू दे. नको असं मी म्हणत नाही." त्या एका वाक्यावर पोरगी रोज पहाटे उठून राह्यली. गोळ्यांनी थोडं सुटतंय. किती सुटेल, कुणीच सांगत न्हाई.

नातेवाइकांत मी अजून सांगते की अण्णा पोत्यांनी वाकले. सांगणारच. पोती काय खोटी होती का? ही कळ घेऊन तुम्ही ती उचलली, हे कळल्यापासून तर मला मोंढ्याच्या रस्त्यानं जाववत न्हाई. आणि एक गोष्ट घोळून राह्यलीय डोक्यात. तुमच्याकडून हे तिच्याकडं गेलं, ते माझ्यातूनच गेलं ना?

बाहेरून तिनं हाक मारली, "आई, ये ना." रोज मारते. आता ओट्याला धरून, दोनदा तरी जोर लावून उठावं लागंल. टाचा तर कधीच्या धरतात. टेबलाला उभं राहून होतं, असं मी कंपनीत सगळ्यांना सांगते. डॉक्टरबाईंना यातलं काही सांगितलं न्हाई. हा कागद डब्याखाली ठेवते आणि जाते. नळापर्यंत चार चकरा झाल्या की मलाही सुटतं, अण्णा. तिला वाटतं, मी तिच्या सोबतीला चालते.