पगली वाजली तेव्हा

नाशिक
मार्च २००३

प्रिय सायली,

तुझं पत्र पोचलं. पहिलं बाळंतपण सिन्नरला सासरीच करायचं म्हणतेस. माहेरी आई नाही, आणि दादा काय, पगली वाजली की निघून जाणार, मग हाक मारायची कुणाला? पुन्हा पुन्हा वाचलं. खोटं थोडंच लिहिलंयस!

तुरुंगाची धोक्याची घंटा ती, पण तिला पगलीच म्हणायचं. वाजली की क्वार्टरमधला झाडून सगळा स्टाफ ताटावरून उठून पळायचा, सुट्टीवर असो नाहीतर तापाने फणफणलेला असो. कैदी पळालाय की नुसता सराव आहे, हे आत गेल्यावर कळायचं. तुझ्या जन्माच्या दुपारीही मेली वाजलीच. तुझी आई चंद्रभागा कळा सोसत होती आणि मी टोपी शोधत होतो. निघाला सराव! परत आलो तर तू रंगूआत्याच्या मांडीवर.

आता नवे साहेब आलेत. आठ तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी, आणि पगलीसाठी वेगळी तुकडी. सुट्टीवरच्याने घरीच थांबायचं. आम्ही जुने लोक आधी जाम खवळलो. वाल्मीक हवालदार तर म्हणाला, घरी बसून काय भाजी निवडू? आता तोच गडी ओट्यावर बसून मेथी निवडतो.

मला मात्र या सुट्ट्या अजून खऱ्या वाटत नाहीत बघ. दुपारी पडलं की ऊन भिंतीवरून हळूहळू सरकतं, शेवग्याची फुलं अंगणात पडत राहतात, आणि डोळा लागतो न लागतो तोच मोरीतून तुझ्या आईच्या बांगड्या ऐकू येतात. तू परकर सावरत दारात उभी. उठून बघावं तर कुणी नाही. पण वाईट नाही वाटत, अगं. घर भरल्यासारखं वाटतं. कधी कधी तर पाळण्याची दोरीही हातात असते.

आता हे सगळं कशाला लिहितोय, ते ऐक. परवा सुट्टीच्या दिवशी पगली वाजली. पाय आपोआप दाराशी गेले, एका पायात बूटसुद्धा चढवला. बाहेर शिट्ट्या, पळापळ. मग तुझं पत्र आठवलं. बूट काढला आणि खाटेवर येऊन बसलो. पगली थांबेपर्यंत तिथंच बसून राहिलो, पोरी. रंगूआत्या हरसूलहून येतेय, माझी रजाही मंजूर झालीय. तू माहेरी ये. हाक मारशील तेव्हा मी घरातच असेन.

तुझाच,
दादा