रजिस्टरमधलं अधिकचं चिन्ह

प्रिय बाबा,

तुमचं वर्षश्राद्ध परवा झालं. आज सकाळी आई म्हणाली, "तो टब परत भर गं. गुडघे धरलेत माझे. पण त्यात ते औषध घालायचं नाही. त्यानंच ह्यांची छाती गेली."

म्हणून लिहिते आहे. मला तुमच्यावर रागवायचं आहे, आणि या घरात तुमच्यावर रागवायला दुसरं कुणी तयार नाही. आई तुमच्या फोटोला हार घालते. आत्या फोनवर आईला सांगते, "वहिनी, दादाला ते केमिकलच बाधलं. रोज त्या वाफेत बसायचा." केमिकल मी आणलं होतं, म्हणून पुढचं वाक्य ती बोलत नाही. मला ते ऐकू येतं.

केमिकल म्हणजे क्लोरीन, बाबा. नगरपालिकेच्या पाण्यात तुम्ही तीस वर्षं टाकलंत तेच. टीसीएलचा, त्या ब्लीचिंग पावडरीचा, वास तुमच्या शर्टांना यायचा आणि मला तो वडिलांचाच वास वाटायचा. आज मी सिंगापुरात वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत बसून लोकांचं पाणी तपासते ती त्या शर्टांमुळे. आणि आपल्याच नात्यातली माणसं म्हणतात, क्लोरीननं माणूस मेला. तुम्ही हयात असतात तर त्यांना कसं झापलं असतंत!

पण झापायचा अधिकार तुम्हाला उरला होता का?

बुकित बातोकचा हा तळमजल्यावरचा फ्लॅट मी अंगणासाठी घेतला आणि अंगणात फुगवायचा हॉट टब ठेवला तो तुमच्या गुडघ्यांसाठी. शेजारचे अंकल कुंपणावरून हसले होते, "सिंगापूर ऑलरेडी सो हॉट, यू स्टिल वॉन्ट हॉट टब, आह?" तुम्ही गंभीर चेहऱ्यानं उत्तर दिलंत, "माय नी इज इन कोल्ड कंट्री." त्यानंतर ते रोज तुमच्या गुडघ्याचं हवामान विचारायचे.

टब भरला त्या दिवशी मी तुम्हाला समोर बसवून सांगितलं. गरम पाण्यात क्लोरीन टिकत नाही. अंगाचा घाम आणि तेलही ते खातं. रोज पट्टी बुडवून मोजायचं. तीन पीपीएमच्या खाली गेलं तर पावडर टाकायची, झाकण उघडं ठेवून पंप चालवायचा, पुन्हा मोजायचं आणि मगच पाण्यात उतरायचं.

तुम्ही हाताची घडी घालून ऐकत होता. "तू मला क्लोरीन शिकवणार? अख्ख्या गावाला पाणी पाजलंय मी."

"पाजलंत. पण त्यात कुणी बसलं नव्हतं."

तुम्ही हसलात. ते हसणं म्हणजे होकार, असं मी धरून चालले. का धरलं? इतर कुणाचं हसणं मी होकार म्हणून नोंदवत नाही.

माझ्या पट्ट्या तुम्ही वापरल्याच नाहीत. पन्नासांच्या डबीत आज अठ्ठेचाळीस आहेत. एक मी तुम्हाला दाखवायला वापरली, दुसरी तुम्ही माझ्यासमोर, माझं मन राखायला. तुम्ही गावाकडची तुमची ओटीची, क्लोरीन तपासायच्या द्रावणाची, बाटली बॅगेतून घेऊन आला होता. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. गावातल्या शेवटच्या नळाला तेवढं पुरतं. तिथं शून्य पूर्णांक दोन मिळालं तरी पाणी प्यायला चांगलं. अडतीस अंशाच्या टबात शून्य पूर्णांक दोन म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पिवळं मात्र तेही दिसतं.

आणि तुमच्या सवयीप्रमाणे तुम्ही रजिस्टर घातलंत. फूटपट्टीनं रेघा मारून. तारीख, वेळ, तापमान, ओटी, सही. ओटीच्या रकान्यात रोज एकच खूण: अधिक. चाळीस दिवस, चाळीस अधिक. अधिक म्हणजे क्लोरीन आहे. किती आहे, ते नाही.

आठवीत मी विज्ञानाच्या वहीत 'पाणी गरम होते' असं लिहिलं होतं. तुम्ही लाल पेननं विचारलंत, 'किती?' वर म्हणालात, "घरात थर्मामीटर असताना गरम लिहिणं म्हणजे आळस." त्या एका शब्दावर मी माझं सगळं शिक्षण उभं केलं, बाबा. हाताखालच्या मुलांना मी तेच विचारते आणि त्यांना मी खडूस वाटते. तुम्हाला कुणी विचारायचं होतं?

मी. मीच विचारायला हवं होतं. दर रविवारी तुम्ही ते रजिस्टर माझ्यापुढे सरकवायचात, "घ्या मॅडम, तपासणी," आणि मी खाली लिहायचे, 'पाहिले. मृ.' अशा सहा सह्या आहेत. सहाही वेळा मी अक्षर पाहिलं, आकडा पाहिला नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनं विचारलं, घरी हॉट टब आहे का? आहे, मी म्हणाले, पण क्लोरीन रोज टाकतो, नोंद आहे. फोनमधला पानाचा फोटो तिच्यापुढे धरला. तिनं पाहिला आणि तुमचाच प्रश्न विचारला. किती?

तुम्ही काचेपलीकडे होता, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. कोमट पाण्यात वाढणारा जंतू तपासणीत निघाला. तो आपल्याच टबातून आला हे मी सिद्ध करू शकत नाही. खोकला वाढल्यावर पाणी मीच सोडून दिलं होतं. नमुना नाही. तुमच्या मुलीनं नमुना न घेता पाणी सोडलं.

हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. आत्याचं बोलणं ऐकून घेतलं. मनात म्हटलं, तुमचं नाव तरी राहील. पण आज आई बिनक्लोरीनच्या टबात बसायला निघाली आहे, बाबा. तुमचं नाव राखायला मी आईची फुप्फुसं पणाला लावायची का?

दुपारी तिच्यापुढे रजिस्टर ठेवलं आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ पानं उलटत राहिली.

"मीच म्हटलं होतं त्यांना," ती म्हणाली. "वास येतो, अंगाला खाज सुटते. म्हणाले, कमी टाकतो, पण मृणालला बोलू नकोस. उगाच लेक्चर देईल."

म्हणजे हे असं होतं! आईला वास नको होता, मला नोंद हवी होती. तुम्ही एका चिन्हात दोघींना खूश केलंत. याला तुम्ही प्रेम म्हणत असाल. मी याला खोटं रीडिंग म्हणते.

मग आईनं विचारलं, "किती टाकायला हवं होतं?"

"तीन राहील इतकं."

"आणि हे किती ठेवायचे?"

"माहीत नाही. त्यांनी लिहिलं नाही."

ती खिडकीतून रिकाम्या टबाकडे बघत राहिली. खरा राग मला याचाच आहे, बाबा. आकडा असता तर तिचा दोष किती, माझा किती, तुमचा किती, हे मांडून कधीतरी संपवता आलं असतं. त्या अधिकमधून आता काहीच वजा होत नाही.

ती खिडकीपासून वळली आणि म्हणाली, "खाज सुटली तर सुटू दे. मला ते मोजायला शिकव."

उद्या सकाळी टब भरते. पट्टी ती बुडवेल, रंग मी शेजारी उभी राहून बघेन. तुमचंच रजिस्टर पुढे चालवणार आहोत, चाळिसाव्या ओळीच्या खालून. मी वचन देते: त्या रकान्यात आकडा असल्याशिवाय 'पाहिले' लिहिणार नाही. अक्षर कुणाचंही असो.

तुमची,
मृणाल