उडत्या ढिगाऱ्याखाली

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक माणूस मारत आणला! फुटकी कौलं गोणपाटात भरली, त्यावर उभा राहून हळूहळू भार टाकला. ते झाल्यावर गरम पाण्याची जुनी रबरी पिशवी तोंडाला लावून श्वास ओढला. पिशवी बुचाशी चिरलेली. तिच्यातून जी घरघर निघाली तिने माझ्याच अंगावर काटा आणला.

पडद्यावर उडत्या, पोरांचा लाडका सुपरहिरो. शहर वाचवताना पूल अंगावर कोसळलाय, छातीवर ढिगारा, श्वास संपत चाललाय. पहिल्या दोन सिनेमांत हा गडी हसत हसत बस उचलायचा. त्याच्या केपची फडफड तेव्हाही माझीच होती – जुन्या छत्रीचं कापड. इतकी वर्षं सिनेमांना पावलांचे, दारांचे, थपडांचे आवाज पुरवतोय, पण असा आवाज माझ्या हातून कधी झाला नव्हता. कुठून आला कोण जाणे!

दिग्दर्शक बाईंनी काचेपलीकडे तो आवाज पुन्हा लावून ऐकला. मग म्हणाल्या, "दादा, हा आवाज राहिला तर सिनेमा राहिला." घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निर्मात्यांनी ऐकलं. तोंड एवढंसं झालं. त्यांचं म्हणणं, उडत्या पोरांचा आहे. पोरं त्याला दप्तरावर, डब्यावर घेऊन हिंडतात, आणि तुम्ही त्यांच्यासमोर त्याला गुदमरवणार? दृश्य कापा, आवाज हलका करा. बाईंचं म्हणणं, सगळं गोड गोडच दाखवलं तर खरं काही अंगावर येईल तेव्हा पोरांनी करायचं काय? दोघंही तावातावाने. मी मध्ये, गोणपाट धरून.

दोघांचंही पटत होतं. पण खरं सांगायचं तर मला पोरांचं काही पडलेलं नव्हतं. मला माझा आवाज वाचवायचा होता.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईबरोबर भुंगाला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. भुंगा म्हणजे माझी भाची, चौथीत आहे. दोन्ही कानांमागे ऐकायचं मशीन, वर केसांचा पडदा. सारखी गुणगुणते, आणि आपण केवढ्या मोठ्याने गुणगुणतो हे तिच्या गावीही नसतं. म्हणून भुंगा.

दाढ पोखरायचं यंत्र सुरू झालं तसा मीच दाराकडे सरकलो. ताई तिचा पाय धरून सारखी, "मी आहे गं, मी इथेच आहे." भुंगाने केस सारखे केले, डोळे मिटले आणि ढिम्म पडून राहिली! हूं नाही की चूं नाही. डॉक्टर म्हणाले, मोठी माणसं खुर्ची डोक्यावर घेतात.

केवढी हिंमत! एवढ्याशा जिवात कुठे मावते? मी बघतच राहिलो.

येताना म्हणाली, उडत्याचा नवीन सिनेमा वर्गातले सगळे बघणार आहेत. ताई म्हणाली, तू नाही. फार भयंकर आहे, मामाच सांगत होता. भुंगाने माझ्याकडे जे बघितलं! घर येईपर्यंत माझ्याशी कट्टी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज जे पाहिलं ते आल्या आल्या लिहायला बसलोय.

भुंगाला स्टुडिओत नेलं. ताईला सांगितलं, माझी कौलं आणि छत्री दाखवतो. खरं म्हणजे निर्मात्यांना आणि बाईंना मीच म्हटलं होतं, नऊ वर्षांची पोर आणतो, तिला दाखवा, वाद मिटवून टाका.

मोठे स्पीकर, काळोख. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहत होतो. पूल कोसळला. तिने केस सारखे केले. मग ढिगारा, मग ती घरघर. निर्मात्यांनी, एवढा दांडगा माणूस, खुर्चीचा हात घट्ट धरला. भुंगा शांत! डोळे टक्क उघडे, जणू आजारी माणसाच्या उशाशी बसलीय.

दिवे लागले, तिने पुन्हा केस सारखे केले. निर्मात्यांनी वाकून विचारलं, भीती नाही वाटली?

"नाही. त्याची दया आली. एकटाच होता."

बाईंनी निर्मात्यांकडे पाहिलं. निर्माते म्हणाले, ठीक आहे, राहू द्या. एका अक्षरालाही हात लागणार नाही!

१६ फेब्रुवारी, रविवार

आवाज राहणार. आनंदाच्या भरात दोनदा जेवलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भुंगा आली होती. तिला रबरी पिशवी दाखवली, श्वास ओढून घरघर काढली. ती दचकून मागे सरली. हा कसला आवाज म्हणे! अगं, उडत्याचा. परवा ऐकलास की.

"तेव्हा मी मशीन बंद केलं होतं."

इतकं सहज! वारा येतोय म्हणून खिडकी लावावी तसं. भीती वाटली की बंद करते, म्हणाली. वर्गात बाई रागावतात तेव्हा. दाताच्या वेळीसुद्धा. केस सारखे करायचं निमित्त आणि बोट बटणावर. वर मला दम – आईला सांगायचं नाही.

मी जन्मभर आवाज करून खाल्लं, आणि आवाजाला साक्षीदार कोण आणला, तर जिने तो ऐकलाच नाही! आधी हसू आलं. मग पिशवी खाली ठेवली. अख्खं जग एका बोटाने गप्प करायचं – ही ताकद उडत्याकडे तरी कुठे आहे? आणि आम्ही तिला दप्तरावरच्या चित्राला घाबरणारी समजत होतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं नाही तर कुणाला कळणार नाही. आवाज राहील.

पण थिएटरातल्या बाकीच्या पोरांना बटण नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगून टाकलं. निर्माते भडकले, आम्हाला काय वेडे समजलात का? बरोबरच होतं त्यांचं, मी मान खाली घालून ऐकलं. बाई भडकल्या नाहीत. एवढंच विचारलं, तिने नेमकं कधी बंद केलं? म्हटलं, पूल कोसळला तेव्हा.

त्यांनी दृश्य पुन्हा लावलं, आणि पूल कोसळताच आवाज शून्यावर आणला.

काय होतं ते! उडत्याचं तोंड उघडतं, मिटतं. धूळ खाली येते. कसलाही आवाज नाही. दृश्य होतं तेवढंच भयंकर, पण आता ते माझ्या अंगावर येत नव्हतं, मी त्याच्याजवळ गेलो होतो. भुंगा इथे बसली होती तर! त्या शांततेत मला शेजारच्या निर्मात्यांचा श्वास ऐकू आला. ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

शेवटी बाई म्हणाल्या, "असंच ठेवू या. पण तो आवाज तुमचा आहे, दादा. तुम्ही म्हणाल तसं."

ठेवा, म्हटलं. पिशवी घरी घेऊन आलो. वाईट वाटलं. खूप वाटलं. असा आवाज पुन्हा होणार नाही हे मला ठाऊक आहे.

११ मार्च, मंगळवार

ताईला स्टुडिओचं सांगितलं, बटणाचं नाही. यथेच्छ बोलून घेतलं तिने. मग म्हणाली, एकदा पाहून झालंच आहे तर आता माझ्या शेजारी बसून पाहू दे.

१५ मार्च, शनिवार

सिनेमाचा पहिला खेळ, आमच्या सगळ्यांच्या घरच्यांसाठी. थिएटर पोरांनी गच्च भरलेलं. भुंगा मध्ये, एकीकडे ताई, एकीकडे मी.

पूल कोसळला. भुंगाचा हात केसांकडे गेला, पण तो पोचायच्या आतच सगळं गप्प झालं. तिने माझी बाही ओढली. "मामा, माझं मशीन बिघडलं?"

"नाही. सगळ्यांचंच बंद आहे."

ती वळली आणि मागच्या सगळ्या रांगांकडे बघत राहिली. आणि त्या शांततेत – हे बाईंना, निर्मात्यांना, मला, कुणालाच सुचलं नव्हतं! – मागून एक बारका आवाज आला, "बाबा?" लगेच उत्तर, "आहे रे." मग दुसरीकडून, मग आणखी कुठून. आहे, आहे, इथेच आहे. सगळं थिएटर हळू आवाजात तेवढंच बोलत होतं. मी असं काही आयुष्यात ऐकलं नाही. माझी घरघर चालू असती तर यातलं काहीच कानावर पडलं नसतं.

ताई पण नेहमीसारखी वाकून, "मी आहे गं, मी इथेच आहे."

१६ मार्च, रविवार

ताईकडे जेवायला गेलो होतो. भुंगाने मध्येच तिला विचारलं, काल तू म्हणालीस ना, मी आहे म्हणून – तसं आधी कधी म्हणाली होतीस?

"दर वेळी म्हणते की, वेडाबाई."

"दाताच्या वेळी पण?"

"अख्खा वेळ."

भुंगा माझ्याकडे बघत राहिली. मी ताटात बघून घास घेतला. मग तिने दोन्ही कानांवरचे केस मागे घेतले आणि आईला म्हणाली, "परत म्हण."