टोपऱ्याचं कापड आणि डबलबार

११ फेब्रुवारी १९६३, सोमवार
काल धनी आले हुते खडकीवनं. जाताना ही वही देऊन गेले. म्हणले, लिहीत जा, चौथीपस्तोर शिकलीस ते इसरून जाशील. लिहिते. पर कुणाला दावायची न्हाई. धन्याला बी न्हाई.

मी म्हणलं, मला आन जयशाला खडकीला न्या की. किती दिस हितं पौडात तुमच्या आईपाशी, आत्याबाईपाशी ऱ्हायचं? जयशा बापाला बघून रडतो, वळखत न्हाई. तर हासले. म्हणले, अगं, दारूगोळ्याचा कारखाना हाय तितं. चिनी लढाईपासनं आमच्या खोल्यांच्या फाटकावर बी बंदूकवाला असतो. तू हितं शेटच्या दुकानातल्या कोंडाजीला भितीस. तितं पान्याला कशी जाशील?

मी म्हणलं, कोण भितंय?

म्हणले, मग घे पैसे. यत्या ऐतवारी जयशाचं जावळ. बोडक्या डोक्याला टोपरं लागंल. एकटी जा, शेटच्या दुकानातनं मखमल आण. आणलीस तर खोली घेतो. न्हाई आणलीस तर बस हितंच.

बास एवढंच? नवरा दिसभर काडतुसं भरतो आन बायकू बंदुकीला भिती व्हय? उद्या जाऊन आणून टाकते.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
गेले. पौडात असलं दुकान आदी न्हवतं. काचंची कपाटं, साबण, कंदील, लुगडी, समदं एका छपराखाली. पल्याडच्या गावात दुकान फोडलं, तवापासनं शेटनं दारात कोंडाजी उभा केलाय. पलटणीतनं रिटायर झालेला. मिशा बोकडाच्या शिंगावानी. बंदूक डबलबारची. म्हंजी एका टायमाला दोन माणसं. मी आन जयशा, बरोब्बर दोन.

तरी पायरीवर पाय ठिवला. तेवढ्यात त्यो वरडला, बाई, पळा पळा, बारा वाजत्यात!

बघा! काय केलंय मी त्याचं, का माझे बारा वाजवतोय? पळा म्हणला म्हणून पळाले. भिऊन न्हाई. मोठ्या माणसाचं ऐकावं.

१३ फेब्रुवारी, बुधवार
गेले न्हाई. जयशाला शिंक आली. एकच आली, पर आली.

शिवाय बुधवारी मखमल घेऊ न्हाई असं शेजारच्या साळूबाईचं म्हणणं पडलं. म्हंजी मी इचारलं, घेऊ न्हाई ना गं? तर ती न्हाई म्हणली न्हाई.

वर म्हणती कशी, कोंडाजीला भितीस? अगं, त्यो दुकानातल्या मांजरीला बी अहोजाहो करतो. तिला काय कळतंय. मांजर काय डबलबारपुढनं लेकरू घिऊन जाती का?

१४ फेब्रुवारी, गुरुवार
आज डोकं चालवलं. कोंडाजी म्होरल्या दाराला उभा असतो, मग मागल्या दारानं जायाचं. मागं गेले तर नुसती भिंत. एवढं मोठं दुकान आन मागलं दार न्हाई! शेट कसला, येडाच हाय.

भिंतीपाशी थांबले जरा. तवर कोंडाजी फेरी मारत आला. कोण हाय तितं? मी म्हणलं, कोण न्हाई. आन घरी आले.

आत्याबाई म्हणल्या, आणलंस का कापड? मी म्हणलं, रंग बघून ठिवलाय. खोटं न्हाई. भिंतीचा बघितलाच की.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
आत्याबाईचा गुडघा सुजलाय. तरी म्हणल्या, आण पैसे, मीच जाते रडतखडत. दिले न्हाईत. त्या गेल्या तर माझी खडकी गेली.

आज घरातच सराव केला. दाराला मुसळ उभं केलं. ते कोंडाजी. नळीकडं बघायचं न्हाई, मिशीकडं बघायचं न्हाई, सरळ आत. धा खेपा केल्या. अजाबात भ्याले न्हाई.

आत्याबाई म्हणल्या, अगं सूनबाई, मुसळाला एवढा वळसा घालून का जातीस?

१६ फेब्रुवारी, शनिवार
आज शेवटचा दिस. उद्या जावळ, आन उद्या दुकान बंद.

जयशाला काखंत घेतलं, डोळं मिटलं आन चालले. सरळ कोंडाजीवरच जाऊन आदळले. डोळं उघडलं तर जयशाच्या मुठीत त्याची मिशी. जयशाची मूठ म्हंजी घोरपड. कोंडाजीच्या डोळ्यात पानी. म्हणला, ओ बाई, ही बंदूक धरा जरा, मिशी सोडवू द्या.

आन दिली की हातात! लई गार. म्हशीच्या नाकावानी.

मिशी सुटली. पर जयशा त्याला सोडंना. कोंडाजी त्याला घिऊन पायरीवर बसला. म्हणला, माझा नातू बी असाच हाय वो, गावाकडं हाय, वरीस झालं बघितला न्हाई. लागला की घोडा घोडा खेळायला.

मी उभीच. हलले न्हाई. हलले आन बार उडाला तर? बोट कुटं ठिवायचं ठावं न्हाई, म्हणून समदी बोटं लांब धरली. भरलेली हाय का, इचारलं न्हाई. इचारून कशाला.

साळूबाई पिशवी घिऊन आली. पायरीपस्तोर आली, मला बघितलं, आगं बया म्हणली आन पळाली म्हागारी. तिच्या मागच्या दोघी बी पळाल्या. शेट आतनं वरडतोय, कोंडाजी, आज गिऱ्हाईक कुटं मेलं रं?

मग कोंडाजी उठला. म्हणला, बाई, बारा वाजत्यात. शनिवारचं अर्धाच दिस असतं दुकान. मंगळवारी बी शेट जेवायला फळ्या लावत हुता, म्हणून म्हणलं हुतं, बारा वाजत्यात, पळा आत. तर तुमी बाहीर पळालात.

बंदूक घेतली. जयशा दिला. शेटनं फळ्या लावल्या.

१७ फेब्रुवारी, ऐतवार
जावळ झालं. जयशाचं डोकं सोललेल्या नारळावानी दिसतंय. टोपरं आत्याबाईनं जुन्या खणाचं शिवलंय. मी म्हणलं, कवा शिवलंत? म्हणल्या, शुक्रवारीच. मुसळाला वळसा घातलास तवाच कापाय घेतलं.

धनी म्हणले, मखमल कुटं हाय?

 गेली खडकी.

तेवढ्यात साळूबाई दारातनंच वरडत आली, आरं वाल्मीक, बायकू हाय का पलटण तुझी? काल शेटच्या दारात डबलबार घिऊन उभी! मी पळाले की रं बाबा!

धनी बघतच ऱ्हायले माझ्याकडं. म्हणले, खरं का गं? मी म्हणलं, व्हय. खोटं कुटं हाय त्यात? लई हासले. समद्यांदेखत म्हणले, मखमल मरू दे. भर पेटी. सांजच्या यष्टीनं चल.

पेटी भरली. लुगडी, जयशाची दुपटी, ही वही तळाला. समदं झालं. आन उगंच आपलं इचारलं, फाटकावर कोंडाजीवानी एकच असतोय न्हवं?

म्हणले, एक कशाला, दोन असत्यात. समोरासमोर.

यष्टी गेली मघाशी. धनी एकलेच गेले. मीच म्हणलं, जयशाचे दात येऊ देत. वहीसाठी समदी पेटी उपसावी लागली.

भिऊन न्हाई ऱ्हायले. पर तितं मिशावाले दोन, आन जयशाच्या मुठी बी दोन. दोन्ही बंदुका मी एकली कशा धरू?